माझा नंबर त्यांच्या छातीवर

ती. वन्सं यांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमची टाच आता कशी आहे? गरम पाण्याच्या पिशवीने उतार पडला, की पुन्हा डॉक्टर बदलला? फोनवर तुम्ही 'बरी आहे' म्हणालात, पण तुम्ही ताप चढलेला असतानाही 'बरी आहे' म्हणता, म्हणून पत्रात विचारते. इकडे तुमचे बंधू ठणठणीत आहेत. मी कशी आहे हे माझं मलाच नीटसं कळलेलं नाही. पत्र वाचून झालं की तुम्हीच काय ते ठरवा.

तुम्हाला माहीतच आहे, आमचं दुकान एकच. पुढच्या काउंटरवर ते डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडून बसतात आणि मागे पडद्याआड माझं शिलाई मशीन. (पडदा मीच शिवलाय, एका बाजूने दोन बोटं आखूड झालाय, पण गिऱ्हाइकांना त्या बाजूने दिसत नाही.) दिवसभर बसून बसून त्यांचं पोट काउंटरला टेकायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी धावायला सांगितलं. एकट्याला लाज वाटते म्हणून त्यांनी मलाही ओढलं. तीन महिने आम्ही शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या. ते पुढे, मी मागे, आणि माझ्यामागे कुणाचं तरी एक कुत्रं. मग त्यांनी शहरातल्या रस्त्यावरच्या शर्यतीत दोघांची नावं घातली. स्वतःचं दहा किलोमीटरला, माझं पाचला. पाच का, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तुला झेपेल तेवढंच." माझ्या सुईत त्या वेळी दोरा जात नव्हता, नाहीतर बोलले असते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आयोजकांकडून दोन एकसारखे पिवळे शर्ट आणि दोन कागदी नंबर आले. त्या नंबरांच्या मागे काहीतरी चिकटवलेलं असतं, त्यावरून यंत्राला कळतं म्हणे कोण किती वेळात पोचलं. माझा निळा, त्यांचा लाल. लावायला पिना दिल्या होत्या, पण इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईने स्वतःच्या नवऱ्याच्या छातीवर पिना टोचायच्या का? मी सुबक धावदोरा घातला. घालताना एक गिऱ्हाईक फोनवर होतं, तिला ब्लाउजचा गळा आधी मोठा हवा होता, मग लहान, मग 'होता तसाच'. मी तिला हो हो म्हणत चारी बाजूंनी टाके घालून मोकळी झाले.

सकाळी एवढी गर्दी की विचारू नका. सगळे जागच्या जागी उड्या मारत होते, मला वाटलं काही चावतंय की काय. शिट्टी झाली आणि लोंढ्यात तुमचे बंधू दिसेनासे झाले. दीड-दोन किलोमीटरवर रस्ता फुटला. तिथे शिट्टीवाला एक माणूस ओरडत होता, "निळे डावीकडे, लाल सरळ!" मी डावीकडे वळले, तर त्याने मला खांद्याला धरून सरळ वाटेला लावलं. म्हटलं, मी पाचवाली आहे हो. तर म्हणतो, "ताई, घाबरू नका, जमेल तुम्हाला!" वन्सं, लग्नानंतर इतक्या विश्वासाने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी गेले सरळ. पूल आला, पूल गेला, गोदामं आली, ती संपेनात. पाच किलोमीटर असे असतात तर दहा कसे असतील, आणि बिचाऱ्या तुमच्या बंधूंचं काय होत असेल, या काळजीने मी अर्ध्या वाटेत रडले. (थोडं चालतही होते.)

दीड तासाने पोचले, तर तुमचे बंधू हातात भलामोठा कप घेऊन उभे. कोरडे, विंचरलेले! मला मिठी मारली, चारचौघांत. म्हणाले, "पहिली आलीस! पंचेचाळीसच्या वरच्या बायकांत पहिली! तू कुठे सापडेनास, म्हणून मीच स्टेजवर जाऊन घेतला." माझ्या पुढे निदान दोनशे माणसं गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, त्यात आज्याही होत्या. पण माझं डोकं त्या वेळी इतकं रिकामं झालं होतं की मला वाटलं, हिशेब करायची काही वेगळी पद्धत असेल.

उलगडा झाला तो घरी, शर्ट भिजवताना. किल्लीसाठी आतून खिसा लावलेला शर्ट माझा, त्यात शंका नाही, पण त्यावर नंबर लाल; धावताना स्वतःच्या छातीकडे कोण बघतं! त्यांच्या शर्टावर निळा. म्हणजे ते माझ्या नावावर पाच किलोमीटर धावले आणि मी त्यांच्या नावावर दहा! आजवर मी एकाची बाही दुसऱ्याला लावली नाही हो, आणि आता आख्खा नवराच भलत्या गटात लावला. त्यांना संशयही नाही. गुडघा कुरकुरत होता, डावीकडे वळवलं तेव्हा ते खुशीने वळले. पुढे फोनवर निकाल आला, तो पाहून मात्र खवळले. दहा किलोमीटर, एक तास चौतीस मिनिटं. "मी अर्ध्या तासात पोचलो! घड्याळं लावणाऱ्याला घड्याळ शिकवतात!" आयोजकांना तक्रारीचं पत्र लिहून झालंय. मी ते पोस्टात टाकलेलं नाही.

खरं सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. पण ते दर गिऱ्हाइकाला भिंग काढून सांगतात, "आमच्या मंडळी पहिल्या आल्या." मागे पडद्याआड मला ऐकू येतं. माझ्या हातचं शिवण त्यांनी कधी उलटून पाहिलं नव्हतं, आता चारचौघांत नाव घेतात. काय करू? गप्प बसले. मात्र दुसरी आलेली कोण, हे निकालाच्या यादीत शोधलं. इस्पितळातली एक नर्सबाई निघाली. तिचा कप आमच्या काउंटरवर, या विचाराने माझी झोप उडाली.

महिन्याने डोंगरावर शर्यत होती, आठ किलोमीटर, पायवाटेची. तिच्या यादीत नर्सबाईचं नाव दिसलं, म्हणून मीही नाव घातलं. (नंबर या वेळी पिनांनी लावला.) बेत साधा होता, आधी गाठायचं आणि माफी मागायची. पण ती भेटली ती शिट्टी झाल्यावर, आणि भेटली म्हणजे पाठ दिसली. मी हाक मारली, "अहो, थांबा!" तिने मागे वळून पाहिलं आणि वेग वाढवला. मी वाढवला. तिने आणखी वाढवला. चढावर माफी मागायला दमच उरेना, नुसतं "अहो, अहो" एवढंच निघत होतं. वाट दाखवायला झुडपांना पांढऱ्या फिती बांधल्या होत्या, ती फितींमागे, मी तिच्यामागे. फिती एका पाण्याच्या टाकीपाशी संपल्या. तिथे जमीन मोजणारे दोघे डबा खात बसले होते. फिती त्यांच्या होत्या.

नर्सबाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, धावदोरा, निळा, लाल, नवरा. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे. पूर्ण पाच किलोमीटर मी त्या निळ्या नंबरमागे होते. ते सारखे मागे वळून बघत होते, मिशा दिसत होत्या."

"मग तक्रार का नाही केलीत?"

"दोनला ड्युटी होती. आणि स्टेजवर ते बायकोचं इतकं कौतुक करत होते, की म्हटलं असू दे. आमच्याकडे कोण करतं?"

मी म्हटलं, कप उद्याच आणून देते. तर म्हणाली, "कप नको, ठेवायला जागा नाही. कपाबरोबर चाकांची मोठी बॅग होती ना, तिच्यासाठी धावले होते मी. लेक पुढच्या आठवड्यात शिकायला बाहेरगावी चाललीय, आणि घरातल्या बॅगेची चेन तुटलीय." ती बॅग आमच्या घरात उरलेली नव्हती. मोजणीवाल्यांनी आम्हाला पाणी पाजलं आणि खरी वाट दाखवली. उरलेलं अंतर आम्ही बरोबरीने धावलो.

तर असं सगळं आहे. टाचेला जपा. सर्वांना यथायोग्य सांगा.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. मोठ्या संकोचाने लिहिते. गेल्या महिन्यात तुमच्या बंधूंनी 'मुद्दाम तुझ्यासाठी आणली' म्हणून तुम्हाला जी निळी चाकांची बॅग दिली, ती हीच. मुद्दाम आणलेली नव्हती. कृपा करून रिकामी करून ठेवा.

ता. क. २. म्हणजे आत्ताच रिकामी करा. हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं त्याच नर्सबाई, आणि तुम्ही वाचत असताना त्या दारात उभ्या असतील. त्यांना आत घ्या, चहा विचारा. तुमच्या टाचेबद्दलही त्यांनाच विचारा, त्या हाडांच्या वॉर्डात असतात.

ता. क. ३. तुमच्या बंधूंना यातलं एक अक्षर कळू देऊ नका. डोंगरावर आमच्या वयाच्या बायकांत नर्सबाई तिसरी आली आणि मी चौथी. माझ्या स्वतःच्या पायांनी, माझ्या स्वतःच्या नंबरवर, चौथी. घरी येऊन सांगितलं, तर भिंगातून वर न बघता म्हणाले, "चौथी? घसरलीस."