चौथा झेड

॥ श्री ॥
लातूर, १० फेब्रुवारी २०१६

ती. स्व. सौ. सिंधुताईस,
शेषेरावाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी अजून हादरलेलाच आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. तुझ्या लाडक्या भाचीने, रत्नाने, हैदराबादहून तिचा जुना मॅक लॅपटॉप माझ्यासाठी पाठवला. तेवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, पण इतकं गर्विष्ठ यंत्र पाहिलं नव्हतं. उजवं बटण नाही. स्टार्ट कुठेच नाही. लाल टिकली दाबली की खिडकी जाते, पण प्रोग्राम मरत नाही. खाली ठिपका लावून जिवंत बसून राहतो. रत्नाला फोन केला तर म्हणाली, बाबा, सोपं आहे ते, आणि ठेवून दिला.

तू छापखान्यात अठरा वर्षं याच यंत्रावर अक्षरं जुळवलीस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर मराठी टायपायला माझा अंगठा राजी नाही. तेव्हा पत्रानेच शिकव.

काम थट्टेचं नाही. मुखेड तालुक्यातल्या जुन्या विहिरींची यादी ३० एप्रिलच्या आत तहसिलीत द्यायची आहे, टाइप केलेली. यादीत असतील त्यांचाच गाळ निघणार. फॉर्मात एक रकाना आहे: विहीर पूर्वापार सर्वांना खुली आहे काय. खुल्या असतील त्या आधी घेणार. मी सुट्टीला एसटीने गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारणार आणि तिथेच बसून टाइप करणार. आपल्या शेतातली विहीरही घालतो. गावात जिवंत झऱ्याची तेवढी एकच उरली आहे.

उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा हूल उठली आहे. आपलं गाव इकडे राहणार की तिकडे जाणार, यावर पारावर दोन तट पडलेत. पाणी दोन्हीकडे नाही, हा मुद्दा कुणी काढत नाही.

उमाचा नमस्कार. लोभ टँकरसारखा आठवड्याने नको, रोजचा असू दे.

तुझा,
शेषेराव


नांदेड, १५ फेब्रुवारी २०१६

चि. शेषेरावास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

यंत्र गर्विष्ठ नाही, तू घाबरट आहेस. लहानपणी रेडिओसुद्धा काठीनेच लावायचास.

स्पेसच्या शेजारी कमांड नावाची कळ आहे. तुझ्या भाषेत सांगायचं तर तो उपसर्ग समज. एकटा काही करत नाही, पण अक्षराला लागला की अर्थ फिरवतो. कमांड आणि सी, नक्कल. व्ही, चिकटव. डब्ल्यूने खिडकी मिटते, क्यूने प्रोग्राम खरोखर बंद होतो, ठिपक्यासकट. एस म्हणजे जपून ठेव. उजवं बटण हवं असेल तर दोन बोटं टेकव. मराठी-इंग्रजी बदलायला कंट्रोल आणि स्पेस. फाइल कुठे ठेवली ते विसरलास, आणि तू विसरणारच, तर कमांड आणि स्पेस दाबून तिचं नाव लिही. हाक मारल्यासारखी समोर येते.

तुझे डोळे मला माहीत आहेत. अक्षर मोठं करायचं तर कमांड-एने सगळं निवड. पान निळं होईल, दचकू नकोस. मग कमांड आणि अधिकचं चिन्ह. अर्धवट कामाची धास्ती नको, हे यंत्र आपलं आपण जपून ठेवत असतं.

आमच्याकडे नळ दहा दिवसांआड. तरी लातूरपेक्षा बरं, असं म्हणून आम्ही एकमेकांची समजूत घालतो. उमाला आशीर्वाद. मायेत खंड नको आणि चष्म्याला हयगय नको.

तुझी,
सिंधुताई


॥ श्री ॥
लातूर, ११ एप्रिल २०१६

ती. स्व. सौ. सिंधुताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

घात झाला. एकसष्ट विहिरी गेल्या.

काल रविवारी काम संपलं. दोन महिने मॅक मांडीवर घेऊन हिंडलो. लोक बोलत होते, मी एका बोटाने टाइप करत होतो, कागदावर एक ओळ नाही. शेवटी अक्षर मोठं करावं म्हणून तू सांगितल्याप्रमाणे सगळं निवडलं, पान निळं झालं, अक्षर मोठं झालं. तेवढ्यात माझं लक्ष माथ्याकडे गेलं. श्री लिहिलाच नव्हता. आपल्या गावच्या कोंडाबाईच्या अंगणात घाईने सुरुवात केली होती, तेव्हा राहून गेला. माझ्या हातून जन्मात बिनश्रीचा कागद गेलेला नाही, तुला ठाऊक आहे. निळं पान तसंच होतं. मी श्री टाइप केला.

ताई, सगळ्या पानांचा मिळून एक श्री उरला. मोठ्या अक्षरात.

मी हात वर उचलले ते अजून खाली घेतलेले नाहीत. काही मिटवलं नाही, बंद केलं नाही. चार्जर लावून त्यावर पंचा टाकून ठेवला आहे. उमा म्हणते, घरात कुणी आजारी निजल्यासारखं वाटतंय. तू लिहिलं होतंस की यंत्र आपलं आपण जपून ठेवतं. त्याने तो श्री जपून ठेवला असेल, या विचाराने मला जेवण जात नाही.

उद्या मिरजेहून पाण्याची रेल्वे येणार म्हणतात. गाव स्टेशनकडे डोळे लावून बसलं आहे, मी पोस्टमनकडे. यातून काही निघतं का, तेवढं कळव. लोभाचं पुढे पाहू.

तुझा,
शेषेराव


नांदेड, १३ एप्रिल २०१६

चि. शेषेरावास आशीर्वाद.

पंचा काढ. कमांड आणि झेड दाब. एकदाच. केलेलं मागे जातं. नाही आलं तर दुसरी कुठलीही कळ न दाबता मला लिही, मी एसटीने येते.

झेड मागच्या पत्रात राहिला, चूक माझी. उद्या पोस्ट बंद, म्हणून आजच पेटीत टाकते. माया आहेच, ती लिहायला वेळ नाही.

सिंधुताई


॥ श्री ॥
लातूर, १६ एप्रिल २०१६

ती. स्व. सौ. सिंधुताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पहिल्या झेडला श्री गेला आणि एकसष्ट विहिरी पाण्यासकट परत आल्या. मी इतका हबकलो की उमाला हाक मारायचं सोडून पुन्हा दाबला. तू एकदाच म्हणाली होतीस. दुसऱ्याला अक्षर बारीक झालं. तिसऱ्याला आपल्या विहिरीच्या रकान्यातलं 'होय' जाऊन तिथे 'नाही' आलं. चौथ्याला एक पुसलेला परिच्छेद परत आला. हे दोन्ही बदल मी त्या रविवारी सकाळी केले होते. तुला सांगणार नव्हतो.

परिच्छेद कोंडाबाईच्या सांगण्याचा आहे. आठवते तुला? आपल्या शेतात गवत कापायला यायची. आता साठी उलटली, थोरली नात नांदेडला नर्स आहे. सगळ्यांत आधी मी तिच्याकडेच गेलो होतो. तिने सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात साऱ्या गावात आपल्याच विहिरीला पाणी होतं. बौद्धवाड्यातल्या बाया नदीच्या वाळूत झिरे खोदून वाटी-वाटीने घागर भरत. आपल्या बाबांनी विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि पहाऱ्याला एक लेकरू बसवलं. लेकरू कुणाचं, विचारलं. आठवत न्हाई, म्हणाली.

बाबांनी मला संध्या शिकवली, पहिलं सुभाषित शिकवलं. ते हात आणि त्या काट्या मला एका ठिकाणी ठेवता येईनात. शिवाय 'नाही' लिहिलं तर विहीर मागे पडणार आणि गाव तहानलेलं राहणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण पहिलं होतं.

तू आता सांग. तू तेव्हा बारा वर्षांची होतीस, मी आठ. मला त्यातलं काहीच आठवत नाही. पान उघडं ठेवून बसलो आहे. रागावून का होईना, लिही.

तुझा,
शेषेराव


नांदेड, २० एप्रिल २०१६

चि. शेषेरावास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहिता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

ते लेकरू मी.

बाबा म्हणाले, सावलीत बस, कुणी आलं तर काठी आपट. चार दिवस बसले. तिसऱ्या दिवशी कोंडाबाई दोन घागरी घेऊन आली. तेव्हा ती नवी नवरी. मला नावाने हाक मारली, म्हणाली, सिंधू, एक तरी भरू दे, घरी सासू तापाने पडली आहे. मी काठी आपटली. ती लिंबाखाली दिवस कलेपर्यंत बसून राहिली आणि रिकाम्या घागरी घेऊन गेली. आईला नाही, नवऱ्याला नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तिला आठवत नाही, यावर तू विश्वास ठेवलास? तिला सगळं आठवतं. तुझ्या तोंडाकडे पाहून तिने माझं नाव गिळलं.

शिफ्ट, कमांड आणि झेड दाबलंस तर मागे आलेलं पुन्हा पुढे जाईल, परिच्छेद पुसला जाईल. ते दाबू नकोस. परिच्छेदात लिही: पहाऱ्यावर सिंधू, वय बारा. रकान्यात लिही: पूर्वी नाही, यापुढे होय. शेतात माझाही हिस्सा आहे. विहीर सर्वांना खुली, अशा संमतीचा सहीचा कागद सोबत जोडला आहे. खाली तुझी सही कर. यामुळे विहीर मागे पडली तर पडू दे, मी स्वतः तहसिलीत येऊन बसेन. पण देण्याआधी तो परिच्छेद कोंडाबाईला वाचून दाखव. सिंधूचं नाव काढा म्हणाली तर ऐकू नकोस.

मग अक्षर मोठं कर, आणि निळं गेल्याशिवाय श्री लिहायला जाऊ नकोस. या पत्रानंतर जेवढा लोभ उरेल तेवढा पुरे.

तुझी,
सिंधुताई


॥ श्री ॥
लातूर, २५ एप्रिल २०१६

ती. स्व. सौ. सिंधुताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल गावी गेलो. कोंडाबाईच्या अंगणात बसून मॅक उघडला आणि परिच्छेद वाचला, तुझ्या नावासकट. तुझा कागदही वाचला. मला वाटलं, ती आता उठून आत जाते. मग म्हणाली, "काठी तिच्याहून मोठी व्हती. तेवढं बी लिव्हा, सर."

लिहिलं. माथ्यावर श्री घातला, कमांड-एस दाबलं आणि आज कागद तहसिलीत दिले. 'पूर्वी नाही, यापुढे होय' हे कारकुनाने दोनदा वाचलं. असं लिहायला रकान्यात जागा नसते, म्हणाला. मग शिक्का मारला.

निघताना कोंडाबाईने विचारलं, सिंधूला आता अजिबात ऐकू येत नाही का. मी हो म्हणालो. तर म्हणाली, मग तिलाच इकडे यायला सांगा.

उमाचा नमस्कार. लोभ आहे तितकाच आहे, मोजून पाहिला.

तुझा,
शेषेराव