सारसाची पावलं

प्रिय शोहेई,

'प्रिय' हा शब्द पत्राला डोकं हवं म्हणून आहे, मनावर घेऊ नकोस. तुझं छापील निमंत्रण मिळालं. 'पंचपंजा' मालिकेला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुढच्या महिन्यात योकोहामाला सोहळा, तिकिटं केव्हाच संपलेली, आणि शेवटी पाचही वीरांनी मंचावर येऊन आपापल्या प्राण्याचा पवित्रा घ्यायचा. खाली तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस, 'माकडाशिवाय दल कसलं? ये रे, जुनं सगळं विसरून ये.' जुनं सगळं म्हणजे काय काय, ते लिहायला मात्र तुझी शाई पुरली नाही. म्हणून मी लिहितो. माझं अक्षर वाईट आहे हे तुला ठाऊक आहे, तरी शेवटपर्यंत वाच. शेवटाशी तुझ्या कामाची गोष्ट आहे.

आजही लोक मला विचारतात, तुम्ही त्या मालिकेत कोण होतात? मी माकड म्हटलं की हसतात. त्यांना वाटतं, वाघ म्हणजे तो देखणा पोरगा, ज्याचा चेहरा दर रविवारी सकाळी घराघरांत दिसायचा. तो हात फिरवून 'रूपांतर!' असं ओरडला की त्याचं काम संपायचं आणि आपलं सुरू व्हायचं, हे कोणाला सांगत बसायचं? तो गाडीत जाऊन गरम चहा प्यायचा. आपण त्या चिकट पोशाखात, डोक्यावर मुखवटा, डोळ्यांपुढे बोटभर फट, आतमध्ये स्वतःच्याच श्वासाची वाफ. आपला चेहरा कोणालाच दिसणार नाही, म्हणून एबारा मास्तर म्हणायचे, 'मुलांना तुमचं मन मानेतून दिसलं पाहिजे.' मारामारीची पावलं बसवायचे मास्तर, पण पहिले तीन महिने त्यांनी आपल्याला एक ठोसा मारू दिला नाही. रोज सकाळी प्राणिसंग्रहालय. प्रत्येकाने आपापल्या प्राण्यापुढे बसायचं. तू वाघापुढे चार दिवस टिकलास. पाचव्या दिवशी म्हणालास, 'मास्तर, तो दिवसभर झोपतो. त्यात शिकायचं काय?' मास्तर म्हणाले, 'तो झोपलेला असतानासुद्धा पलीकडचं हरीण चरत नाही. ते शीक.' तू नाही शिकलास. तू नुसती डरकाळी शिकलास.

आणि साहोको तात्सुमी. तोत्तोरीची, कसरतपटू, दिसायला काडी. तोवर बाईवीराच्या पोशाखात बुटका पुरुषच असायचा. मास्तरांनी हट्टाने तिला सारसाचा पांढरा पोशाख दिला. पहिल्याच दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, 'बायका पोशाखात शिरल्या तर आमची माणसं काय घरी भांडी घासणार?' सगळे हसले. मीही हसलो, लपवत नाही. ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, 'घासा की. त्या निमित्ताने मनगट तरी वळायला लागेल.' तेव्हा मास्तर इतके हसले की त्यांना खोकला आला. तू हसला नाहीस. मला वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं.

ती पावसात, थंडीत सारसापुढे उभी राहायची. पाऊल उचलताना सारस बोटं मिटतो आणि टेकवताना उलगडतो, हे तिने पाहिलं आणि अंगात भिनवलं. रस्त्याने जातानाही तशीच चालायची. एकदा स्टेशनवरच्या माणसाने विचारलं म्हणे, 'बाई, पाय दुखतोय का?' पण पडद्यावर ती चालली की चिमुरडी मुलं जागची हलत नसत. उन्हाळ्यापर्यंत मुलांची पत्रं यायला लागली. मी पत्रांच्या पिशव्या उघडणाऱ्यांत होतो, म्हणून सांगतो: वाघाला एक पत्र आलं तर सारसाला तीन. मुलांच्या मासिकाला मुखपृष्ठावर सारस पुढे हवा होता. तू पिशवीत हात घातलास, चार-पाच पत्रं वाचलीस आणि परत टाकलीस. डरकाळी फोडणाऱ्या माणसाचं ते गप्प राहणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

नोव्हेंबरातली तोचिगीची ती खाण. एकतिसावा भाग. मासिकाचा छायाचित्रकार आलेला, पाचही जण स्फोटांमधून धावत येतात तेव्हा तो मुखपृष्ठ टिपणार होता. जमिनीत स्फोटाच्या दारूच्या अकरा कुंड्या पुरलेल्या, प्रत्येकीवर लाल चिंधीची काठी. सकाळभर आपण त्या काठ्यांमधून पावलं मोजत चाललो. मग काठ्या उपटल्या. आता वाट फक्त आकड्यांत राहिली. बटणं दाबणारा माणूस आकड्यांवर दाबणार, आपण आकड्यांवर पळणार. साहोकोची आठ पावलं: पाचव्यापर्यंत सरळ, सहावंही सरळ, सातवं डावीकडे, आठव्याला उडी. तुझी वाट तिच्या डावीकडून, तिच्या मागून. माझी तिच्या उजवीकडे, तिच्या दोन हात मागे.

सहाव्या पावलाला तू वाट सोडलीस. तुला तिच्या पुढे यायचं होतं, चित्राच्या मधोमध. तू तिच्या डावीकडून तिरका पुढे घुसलास आणि तिचं सातवं पाऊल जिथे पडायचं होतं तिथे तुझी पाठ होती. ती तुला धडकून तुम्ही दोघं पडला असतात तर दोघंही जळाला असतात. ती उजवीकडे वळली. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिने तुला वाचवलं, शोहेई. आणि चौथी कुंडी तिच्या पायाखाली उडाली.

धूर इतका होता की दिग्दर्शकाला काही कळलं नाही. 'थांबा' अशी आरोळी आली नव्हती, म्हणून तू पंजा वर करून उभा राहिलास, छायाचित्रकाराकडे तोंड करून. ती तुझ्या मागे जमिनीवर होती. अलीकडे दर मुलाखतीत तू सांगतोस की तिला धुरातून तू पाठीवर उचलून आणलंस. तिला आणलं एबारा मास्तरांनी, उघड्या डोक्याने आत धावून, आणि त्यांच्या भुवया जळाल्या त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत. तू उभा होतास. तुझ्या शेजारी आणखी एक जण उभा होता, एका हाताने डोकं खाजवण्याचा माकडाचा पवित्रा घेऊन. आरोळी आली नव्हती ना.

दोन दिवसांनी चौकशी झाली. कंपनीच्या माणसाने एकेकाला आत बोलावलं. तू म्हणालास, 'तात्सुमी आकडा विसरली. मी तिला आधीही सांगितलं होतं.' माझी पाळी आली. बाहेरच्या बाकावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतास, 'माकडा, मुखवट्यातून कोणाला काय दिसतं?' धमकी नव्हती ती, लालूचही नव्हती. तू नुसतं मला वाक्य हातात दिलंस आणि मी ते आत नेऊन ठेवलं: 'मुखवट्यातून काही दिसलं नाही.' त्यांनी लगेच मान हलवली. बोटभर फट, धूर, कोण विश्वास ठेवणार नाही? मास्तरांनी कोणावर बोट दाखवलं नाही. 'पावलं मी बसवली, दोष माझा,' एवढं म्हणून त्यांनी धंदा सोडला. त्यांची जागा यथावकाश तुला मिळाली आणि पुढच्या वर्षीच्या मालिकेत मुख्य वीराचा पोशाख मला मिळाला. तो कोणाच्या शब्दाने, ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तेव्हा मी तुझ्यावर दात खातोय म्हणून मला धुतल्या तांदळासारखा समजू नकोस. आपण एकाच माळेचे मणी.

इस्पितळात मी एकदाच गेलो. तिचा उजवा कान गेला होता, गुडघा प्लास्टरमध्ये. तिने मला विचारलं, 'इसेकी, तू माझ्या मागेच होतास. मी चुकले का?' मी म्हणालो, 'दिसलं नाही.' ती छताकडे पाहत म्हणाली, 'मग चुकलेच असेन. मला नीट आठवत नाही.' शोहेई, तू तिचा पाय मोडलास. पण ते वाक्य तिच्या तोंडून मी वदवलं.

हे सगळं मी गिळून बसलो होतो आणि मेलो असतो तसाच. नेरिमाच्या तालमीत पोरापोरींना कोलांट्या शिकवतो, बरं चाललंय. गेल्या वसंतात तुझी लेक कानाए आली. बापाचं नाव तिने लपवलं नाही. म्हणाली, 'काका, सोहळ्यात सारस मी करणार आहे. बाबांना वाघ येतो, सारस येत नाही. तुम्ही जवळून पाहिलाय म्हणतात.' मी नाही म्हणायला हवं होतं. पण पोरीची मान पाहिली आणि शिकवायला लागलो. गुणी आहे, तुझ्यावर गेलेली नाही. एक दिवस ती उडी चुकली, गादीवर आपटली आणि उठून हसत म्हणाली, 'आज दोनदा तात्सुमी केली मी!' मी विचारलं, काय केलीस? ती म्हणाली, 'तात्सुमी. बाबांच्या मारामारीच्या शाळेत सगळे म्हणतात. आकडा विसरून पाऊल चुकलं की तात्सुमी केली. का? तुमच्याकडे काय म्हणतात?' तिला ते एका माणसाचं नाव आहे हेही ठाऊक नव्हतं. त्या पोरीला वाचवण्याइतकं मोठं मन असलेल्या बाईचं नाव तू शिवीसारखं चाळीस पोरांच्या तोंडी दिलंस. हो, त्या पोरीला म्हणतो; तू तिथे जळाला असतास तर कानाए जन्मालाच आली नसती.

मी तोत्तोरीला गेलो. साहोको भावाच्या नासपतीच्या बागेत असते, हंगाम होता, शेडमध्ये सात-आठ बायका फळं निवडत होत्या. मी जातानाच्या गाडीत शंभरदा घोकलेलं सगळं सांगून टाकलं, खाली मान घालून. वर पाहिलं तर ती तशीच फळं निवडत होती. शेजारची बाई म्हणाली, 'अहो, तुम्ही बहिऱ्या बाजूला उभे आहात.' मग मला डावीकडे जाऊन, त्या सगळ्या बायकांच्या देखत, मोठ्याने, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. या खेपेला तिने हातातलं फळ खाली ठेवलं. म्हणाली, 'पाच सरळ, सहा सरळ, सात डावीकडे.' मी म्हणालो, हो. 'आठव्याला उडी.' हो. 'बरोबर होती पावलं?' बरोबर होती. ती खोक्यावर बसली. मी क्षमा मागायला लागलो तर म्हणाली, 'ते राहू दे. पंचवीस वर्षं मी जिना उतरतानासुद्धा मोजत आले, इसेकी. स्वतःच्या पायांवर माझा विश्वास नव्हता. लग्नाचं विचारायला आलेल्या माणसाला मी सांगितलं, माझ्यामुळे एका म्हाताऱ्या मास्तरांचं काम गेलं. आता तू येऊन सांगतोस, बरोबर होती! जा तू. चहा विचारणार नाही मी तुला.' मी निघालो. फाटकापाशी तिने मागून हाक मारली. मला वाटलं, आता फळ फेकून मारणार, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, 'ज्याने विचारलं त्याला खरं सांग. नुसतं मला सांगून मोकळा होऊ नकोस.'

आता विचारणारी एकच उरली होती. परवा तालमीत मी कानाएला सगळं सांगितलं, बाकावरच्या तुझ्या वाक्यासकट, माझ्या उत्तरासकट. ती रडली नाही. तिने मला विचारलं, 'मास्तर धावले तेव्हा तुम्ही कुठे होतात?' आणि मी सांगितलं. शनिवारी सकाळी, तुझ्या शाळेत, सगळे विद्यार्थी रांगेत उभे असताना ती तुला विचारणार आहे की तात्सुमी कोण होती. तुला न कळवता, अचानक विचारायचं तिने ठरवलं होतं. मीच तीन दिवस मागून घेतले, आणि हे पत्र तिला सांगूनच टाकतो आहे. तुझी दया आली म्हणून नाही. तुझी मला अजिबात दया येत नाही. पण मला विचारलं गेलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि विचारल्यावर बोललेलं खरं किती उशिराचं असतं ते त्या शेडमध्ये पाहून आलो. त्या पोरीच्या वाट्याला असा बाप यावा, जो तिने विचारण्याआधी बोलला. एवढं एकदा तिच्यासाठी कर. शनिवारी मी दाराशी उभा असेन, मुखवट्याशिवाय. तू 'दिसलं नाही' म्हणालास, तर मी सांगेन, मला दिसलं होतं.

तुझाच साक्षीदार,
इसेकी यासुओ