कोलोनहून येणारा आवाज

ग्वाल्हेर, ९ नोव्हेंबर २०२४

चि. यशोधनास,
अ. उ. आ., आणि पाठीत एक धपाटाही.

फोन उचलत नाहीस आणि वर निरोप पाठवतोस की ताई, हातानं पत्र लिही. जन्मभर जर्मनीत राहून हा लाड आता कुठून सुचला? असो. इकडे थंडी पडू लागली, तिळाची गजक विकणारे रस्त्यावर बसले. आपल्या गोरखी मोहल्ल्यात आता माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या आहेत.

तुझा रेडिओवरचा कार्यक्रम मी चुकवत नाही. तुझी रात्र ती माझी पहाट. फोन उशीशी ठेवून ऐकते. जर्मन कळत नाही, पण तुझा आवाज कळतो. तुझं ते मोकाट जॅझ ऐकून शेजारच्या विजयाबाईंनी विचारलं, की पहाटे तुमच्याकडे कोण भांडतं? मी सांगितलं, भाऊ आहे माझा.

एक विचारायचं होतं. मागच्या खेपेला सॅक्सोफोन चालू असतानाच तू बोलायला लागलास. घरी अप्पांच्या गाण्याच्या मैफलीत कुणी तानेच्या मध्येच दाद दिली, तरी तुझ्या कपाळाला आठी पडायची. बरा आहेस ना?

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
सीमंतिनी


कोलोन, २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

तू पकडणार, हे ठाऊक होतं. डावा कान कधीच गेला, आता उजवाही चालला आहे. फोनवर तुझं बोलणं नुसती खरखर होऊन येतं, म्हणून पत्रं मागितली. त्या दिवशी मला वादन संपलंसं वाटलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीनं हात हलवून थांबवलं, तेव्हा कळलं.

डिसेंबरअखेरचा कार्यक्रम करून मी थांबतो आहे. पुढे तीच मुलगी चालवील. शेवटी काय लावू? मनात एक दिल्लीची ती मैफलच आहे. मावसबहिणीच्या लग्नाला जातो असं घरी सांगून आपण ताज एक्स्प्रेसनं गेलो होतो. त्या तीन परदेशी वादकांनी सुरुवात केली आणि अर्धं सभागृह उठून गेलं. तूही उठशील या भीतीनं मी तुझा पदर धरून ठेवला होता. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण कुठेच नाही, मी खूप शोधलं. आता आठवायला बसलो, की त्या जागी कानातली शिट्टीच वाजते. ताई, तुला काही आठवतं का?

तुझ्या लोभावरच आहे,
यशोधन


ग्वाल्हेर, १२ डिसेंबर

चि. यशोधनास,
अ. उ. आ. या खेपेला धपाटा नाही.

पत्र वाचून चूल पेटवावीशी वाटेना. चिडलेसुद्धा. इतके दिवस एकट्यानं सोसलंस! विजयाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि आपल्या अर्ध्या हिंदीत म्हणाल्या, की बेचारा बड़ी तकलीफ में है. मग आम्ही दोघी जेवलो.

आठवतं मला. ड्रमवाला काठ्या टाकून तळहातांनी झांजा घासत होता. दाढीवाला सॅक्सोफोनवर एकच सूर धरून उभा राहिला, अप्पा षड्ज धरायचे तसा. मग तो सूर फाटला, त्याच्या चिंध्या झाल्या, आणि शेवटी सूर उरलाच नाही. नळीतून जाणारा नुसता श्वास. मी रडत होते, तुला वाटलं डोकं दुखतंय. पुढच्याच महिन्यात माझं लग्न होतं. वाटत होतं, हा थांबला की परत जावं लागेल. मी कशाला उठते?

मुद्रण शोधू नकोस. तुझा जुना सॅक्सोफोन आहे ना? तूच वाजव.

आशीर्वाद आणि आग्रह, दोन्ही तुझ्या ताईचे.
सीमंतिनी


कोलोन, २ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाजवलं. सॅक्सोफोन कित्येक वर्षांनी पेटीतून काढला. मला आवाज आला नाही, फक्त दातांना थरथर कळली. सगळ्यांनी पाठ थोपटली. पण निरोपाच्या दिवशी लोक चांगलंच बोलतात. खरं तू सांग.

घर फार गप्प झालंय. रेडिओ लावतो आणि त्यावर हात ठेवून बसतो.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
यशोधन


ग्वाल्हेर, १९ जानेवारी

चि. यशोधनास,
अ. उ. आ.

खरं सांगते. सुरुवात बेसूर होती. अप्पा असते तर उठून गेले असते. मग तू थांबलास आणि एकदम मराठीत विचारलंस, ताई, ऐकते आहेस ना? मी मोठ्यानं हो म्हटलं. विजयाबाई शाल गुंडाळून शेजारी बसल्या होत्या, त्याही हो म्हणाल्या. मग श्वास आला. तो दिल्लीतल्या त्या माणसाचा नव्हता. म्हाताऱ्या माणसाचा होता, मध्येच अडकत होता. मला तो जास्त आवडला.

काल त्या मुलीचा कार्यक्रम ऐकला. इथून पुढे मी ऐकत जाईन आणि तुला लिहीत जाईन. पहिल्यांदा पियानो होता, पण कुणीतरी आत हात घालून तारा ओढत होतं, परातीत मोहरी सांडावी तसं. मग एक बाई शब्दांवाचून गायली. लेकराला निजवताना स्वतःलाच डुलकी लागावी, तसा तिचा आवाज बुडाला. आणि मग व्हायोलिन, खूप खालून, जिना चढणाऱ्या माणसासारखं दम खात खात. ते वर पोचलं, तेव्हा इथे उजाडलं होतं.

जेवत जा. जीव लावून आहे, तूही लाव.
तुझी ताई,
सीमंतिनी