अण्णांच्या बुलबुलतरंगाची परवानगी

॥ श्री ॥
महाड, ६ डिसेंबर २००४

ती. सौ. सरोजताईस, बाळचा शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून म्हणशील, पोलादपूर काय सातासमुद्रापार आहे का. पण फोनवर तू बरं म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय.

इथल्या सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर मी दहा मिनिटांची फिल्म केली आहे. पुण्याच्या एका स्पर्धेला पाठवायची आहे. पंधरा वर्षं लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी काढल्या, हे पहिलं माझं स्वतःचं काम. त्यांचा नियम असा, की संगीताला मालकाची लेखी परवानगी हवी. लग्नांत मी सिनेमाची गाणी बिनदिक्कत घालतो, कोणी विचारत नाही. इथे ते चालणार नाही. तीन दिवस सायबर कॅफेत बसलो. फुकट म्हणून उतरवून घ्यावं, तर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, घरी ऐकण्यापुरतंच. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट असं मी समजत होतो, तर तेही विकतच. अगदी वैतागलो.

मग अण्णांची बुलबुलतरंगाची कॅसेट आठवली. चाली त्यांच्या स्वतःच्या. झऱ्याच्या चित्रावर अशी बसली की काय सांगू. आता अण्णाही नाहीत आणि आईही नाही, तेव्हा वारस म्हणजे तू आणि मी. कचेरीसमोर बसून दस्त लिहिणाऱ्या सहदेवकडून कागद करून घेतलाय, सोबत आहे. तेवढी सही कर. चोवीस तारखेपर्यंत सगळं पुण्यात पोचायला हवं.

भाऊजींना नमस्कार. लोभात काटकसर नको.

तुझा,
बाळ


पोलादपूर, १० डिसेंबर २००४

चि. बाळ यास अ. उ. आ.

तुझा कागद बिनसहीचा परत पाठवते आहे. चाचणीचे पेपर तपासून डोळे शिणलेत, तरी दोनदा वाचला. सहदेवने चक्क हक्कसोडपत्र लिहिलंय. माझा व माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही, वगैरे. गावच्या जमिनीच्या वेळचीच वाक्यं, गट नंबरच्या जागी कॅसेट एवढाच फरक. तू वाचलास तरी का रे?

सत्त्याण्णव साली मी न वाचता सही केली. भावाकडे काय मागायचं, असं सगळे म्हणाले, मीही मान डोलावली. जमिनीचं मला आजही काही नाही. पण त्यानंतर त्या घरातलं मला कोणी काही विचारलं नाही. अण्णांचं कपाट तू विकलंस, ते मला परक्याकडून कळलं. आणि ही कॅसेट त्यांच्या शेवटच्या आजारात मीच मागे लागून रेकॉर्ड केली. बुलबुलतरंग उशीवर टेकवून ते वाजवायचे. तेवढं तरी माझं राहू दे. मला आता सोडून देण्याचा कंटाळा आलाय, बाळ.

इतकी वर्षं चोरीची गाणी वाजवलीस, आणि कायदा आठवला तो बहिणीपाशी.

माझा गुडघा तसाच आहे. चहा कमी कर. राग मानू नकोस, माझाही फार टिकत नाही.

तुझी,
सरोजताई


महाड, १४ डिसेंबर २००४

ती. सौ. सरोजताईस, शि. सा. नमस्कार.

सहदेवचा कागद मी वाचला नव्हता. वारस म्हटलं की तो बिचारा एकच मजकूर लिहितो, दुसरा त्याला येत नाही.

पण सत्त्याण्णवचा मी वाचला होता, ताई. तू न वाचता सही करते आहेस हे दिसत होतं, आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून तुझ्याकडे यायला लाज वाटते. तोंडाने हे बोलता आलं नसतं.

तुझ्या मनात नसेल तर फिल्म नुसत्या पाण्याच्या आवाजावर पाठवतो. स्पर्धेतून बाहेर काढणार नाहीत, फक्त फिल्म कोरडी वाटेल. सोबत कोरा कागद आहे. खाली मी सही केली आहे. वर तुला हवं ते लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाळ


पोलादपूर, १७ डिसेंबर २००४

चि. बाळ यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून रडले. मग शाळेत गेले, तास घेतले, घरी आल्यावर पुन्हा वाचलं. तू वाचला होतास हे मला तेव्हाही वाटलं होतं. सात वर्षं वाट पाहिली, तू कधी बोलतोस याची.

कोऱ्या कागदावर सही करून पाठवतोस, शहाणाच आहेस. पुन्हा कोणाला असा कागद देऊ नकोस. मी लिहिलंय ते असं: अण्णांच्या या वादनावर आम्हा दोन्ही भावंडांचा सारखा हक्क आहे आणि तो आमच्याकडेच राहील. या एका फिल्मपुरतं ते वापरायला आमची परवानगी आहे. तुझ्या सहीच्या वर माझी सही केली, मी थोरली म्हणून. शेवटी नावं देशील तिथे वादक म्हणून अण्णांचं घाल, रेकॉर्डिंगला माझं. आधी सगळं नीट वाच, मगच पुण्याला पाठव.

पुढे दुसऱ्या कशाला ही कॅसेट लागली, तर इथे येऊन मला विचार. मी नाही म्हणणार नाही, पण विचार.

तुझी,
सरोजताई