घुम्याची काळजी

३ मार्च, सोमवार
साहेबांनी आज मला आणि घुम्याला केबिनमध्ये बोलावलं. घुम्या म्हणजे कंट्रोल रूममधला माझ्या शेजारच्या खुर्चीतला. नाव मीच ठेवलंय. कुठे लिफ्टमध्ये माणूस अडकला की फोन आम्हा दोघांना येतो. तेवढं बोलतो, एरवी तोंडाला कुलूप. साहेब म्हणाले, पुरुषमंडळी मनातलं बोलत नाहीत आणि एक दिवस कोसळतात, म्हणून कंपनीने ‘सोबती’ स्कीम काढली आहे. आजपासून तुमची जोडी, बरोबर जेवा, लक्ष असू द्या. बोलताना पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते. जबाबदारी ज्याला द्यायची त्याच्याच डोळ्यात बघतात. घुम्या बिचारा खाली मान घालून.
संकल्प: महिनाभरात घुम्याला माणसात आणणे.
मी स्वतः ठणठणीत. छाती आवळल्यासारखी वाटते, पण शर्ट धुण्यात आटलाय.

५ मार्च
बरोबर जेवलो. तो मोकळा व्हावा म्हणून मीच बोलत राहिलो. डबा तसाच राहिला. माझा. त्याने एवढंच विचारलं, झोप लागते का. ज्याला लागत नाही तोच असं विचारतो. लक्षण नंबर एक. त्याला झोपेचं महत्त्व पटवून दिलं. या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे. रोज पहाटेपर्यंत वाचतो.

१० मार्च
लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंनी विचारलं, माणूस कधी येणार. मी म्हणालो, बाई, इथे अडकलेलं कोण नाही? पुढे काय काय बोललो, नीट आठवत नाही. लिफ्ट सुरू झाली तरी बाईंनी फोन ठेवला नाही, माझी समजूत घालत होत्या. दुपारी पुन्हा फोन करून मी जेवलो का विचारलं. ग्राहकाशी असं नातं जोडावं लागतं. नवीन पोरांना हे जमत नाही.

१२ मार्च
घुम्या माझ्या लाइनचे फोनही परस्पर उचलतो. कामात स्वतःला गाडून घेतोय. लक्षण नंबर दोन.

१५ मार्च, शनिवार
हिने विचारलं, होतंय तरी काय. मी म्हणालो, आपली तक्रार नोंदवली आहे. लेक हसली. मग आईचा चेहरा बघून गप्प झाली.
संध्याकाळी हिला घुम्याचा फोन. ही बाल्कनीत जाऊन बराच वेळ बोलत होती, दार लोटून. माझ्यापाशी संकोच वाटत असणार त्याला. हिच्यापाशी का होईना, मन मोकळं करतोय. प्रगती आहे.

१९ मार्च
घुम्याला दीर्घ श्वसन शिकवलं. श्वास आत घेऊन दाखवला. सोडायच्या वेळी काहीतरी बिनसलं. त्याने पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. एसीच्या हवेने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने रुमाल दिला. स्वतःचा वेगळा होता. खिशात दोन-दोन रुमाल! किती रडत असेल बिचारा. आता वर बोलायलाच हवं.

२१ मार्च, शुक्रवार
साहेबांना ठासून सांगितलं, घुम्याला रजा द्या, त्याचा सोबती म्हणून माझी शिफारस आहे. साहेबांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, सोबती तो आहे. तुमचा. त्याने स्वतःहून मागून घेतलंय. आणि रजा मंजूर आहे, सोमवारपासून. तुमचीच.
मी म्हणालो, मी ठणठणीत आहे. म्हणताना आवाज फाटला.
बाहेर आलो तर घुम्याने माझी बॅग भरून ठेवलेली. मी विचारलं, म्हणजे तुला काहीच त्रास नव्हता? तो म्हणाला, नव्हता, तुझ्याबरोबर जेवायला लागल्यापासून थोडा होतोय.
त्याचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. हसू आलं. हसता हसता रडायलाच लागलो, सगळ्या कंट्रोल रूमसमोर. लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.
मला बरं नाहीये. बऱ्याच दिवसांपासून नाहीये.
उद्या डॉक्टरांकडे जायचंय. हिने आणि घुम्याने मिळून आधीच नंबर लावून ठेवलाय, दोघंही बरोबर येणार आहेत. मी एकटा जाऊ शकतो, असं सांगणार होतो. नाही सांगितलं.