सोफा पसंत पडेपर्यंत

आई, आज सोफा आला. टेम्पोवाल्यांनी जिन्यातल्या भिंतीचा रंग खरवडला म्हणून मी त्यांना चांगलं झापलं, मग चहा पाजला. ते गेल्यावर दार लावून बसून पाहिलं. तुझी परीक्षा मला पाठ आहे: हाताचा आधार न घेता उठता आलं पाहिजे. आलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी रिटायर झाले, आणि आत्ता कुठे माझ्या घरात सोफा आहे. पाहुण्यांना मी आजवर वेताच्या खुर्च्यांवर बसवलं आणि कुणी नाक मुरडलं तर दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

विरारचा हा फ्लॅट घेतला तेव्हा बाबा नुकतेच गेले होते आणि तू वसईला आपल्या वाडीत एकटी होतीस. मी म्हटलं, आता माझ्याकडे राहायला ये. तू नाही म्हणाली नाहीस. म्हणालीस, "तुझ्याकडे बसायला धड काही आहे का? आधी सोफा घे, मग बघू." मला ते खरं वाटलं. मग दर रविवारी आपली दुकानं सुरू झाली. सकाळी सोनचाफा बाजारात रवाना करून तू इस्त्रीची साडी नेसून वसई स्टेशनबाहेर उभी असायचीस, केसांत एक फूल, चेहरा परीक्षकाचा.

स्टेशनजवळच्या दुकानात सगळं चकचकीत. आरसे, सोनेरी पट्ट्या, सोफ्याच्या हातांवर कोरलेले मोर. विक्रेता म्हणाला, "फुल सागवान आहे, आंटी." मी कोपऱ्याचा सनमायका नखाने उचलला आणि विचारलं, "मग आतला हा भुसा कुणाचा?" तू मला चिमटा काढलास. कॉन्व्हेंटने मला पाठ ताठ ठेवायला आणि चूक तोंडावर सांगायला शिकवलं. त्यातलं दुसरं तुला कधी आवडलं नाही. हायवेवरच्या दुकानात मरून रेक्झिनचे फुगलेले सोफे होते. तू बसलीस तशी गादीतून हवा अशा काही आवाजात सुटली की आपण दोघी माना खाली घालून हसलो. उठवायला मात्र मी आणि विक्रेता, दोघं लागलो. "सोफा कसला, चिखल आहे," तू बाहेर येऊन म्हणालीस.

सातिवलीचं दुकान कारखान्याच्या गाळ्यालाच लागून होतं. आरसा नाही, पंखा एकच. मालक सोफा उलटा करून दाखवायचा: खिळ्यांऐवजी स्क्रू, पट्ट्या घट्ट ताणलेल्या, लाकूड आतूनही पॉलिश केलेलं. रूप म्हणशील तर दातांच्या डॉक्टरकडच्या बाकाइतपतच. पण एका रविवारी त्याने एक काढला, साधा, सरळ पाठीचा, सुती कापडाचा. तू बसलीस. पाय जमिनीला टेकले. हात न लावता उठलीस. खालून पाहिलंस, मागून पाहिलंस, फोम दाबलास. खोड निघेना. मी पर्स उघडली होती. आणि तू मालकाला म्हणालीस, "छान आहे हो. कळवतो तुम्हाला."

ते शब्द मला कसे विसरता येतील? आपल्या ओटीवर मला बघायला येणारे लोक पोहे खाऊन, माझ्या इंग्रजीचं कौतुक करून, निघताना हेच म्हणायचे. बाबा पोस्टमनची वाट बघायचे. तू रिकाम्या बशा उचलताना सांगायचीस, "बघू नका वाट. पसंत असती तर इथेच बोलले असते."

रिक्षात मी फणकारले. "तुला यायचंच नाहीये ना माझ्याकडे?"

"मी असं म्हटलं का?"

"सोफ्याला 'कळवतो' म्हणालीस. मला काय कळत नाही?"

तू पदराने घाम पुसलास. "मी आले की तुझ्या ओट्यावरचे डबे हलवीन. तू ओरडशील. मी दिवसभर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले गाऊन बघीन. त्यापेक्षा वाडीत चाफा तरी आहे." रिक्षावाला कान देऊन ऐकत होता म्हणून मी त्याला समोर बघ म्हणून दटावलं. थोड्या वेळाने तू विचारलंस, "पुढच्या रविवारी कुठलं दुकान?"

"आता कशाला दुकान?"

"कपाटं कुठे बघितलीत अजून?"

मग आपण कपाटं बघितली. पलंग बघितले, ड्रेसिंग टेबलं, शू-रॅकसुद्धा. काहीही घेतलं नाही. सातिवलीचा मालक लांबूनच हाक मारायचा, "काकी, आज काय नापसंत करायचंय?" आणि तू हसत जाऊन त्या सरळ पाठीच्या सोफ्यावर बसायचीस, तो विकला गेला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या तसल्याच दुसऱ्यावर. चहा यायचा. घरात जे आपण कधी बोललो नाही ते त्या परक्या सोफ्यांवर बसून बोललो. बाबांबद्दल तर तिथेच.

आजचा सोफा तिथलाच आहे. आता मालकाचा मुलगा बघतो. मी उलटा करायला लावला, स्क्रूच आहेत. पॉलिश मात्र आतून करत नाहीत हल्ली, ते मी त्याला सुनावलंच.

हे पत्र कुठे जायचं नाहीये, संध्याकाळी फाडून टाकीन. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. त्या दिवशी रिक्षात मी नंतर स्टेशन येईपर्यंत तोंड फिरवून बसले होते आणि तू दोनदा विचारलंस, "रागावलीस?" मी रागावले नव्हते गं. त्या दोन खोल्यांत मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनाला येईल तेव्हा जेवत होते, मनाला येईल तेव्हा दिवा मालवत होते. तू येणार नाहीस हे कळलं आणि मला इतकं हायसं वाटलं, की ते तुला दिसू नये म्हणून मी बाहेर बघत राहिले.