मंदाकिनीचा कडू घास

३ फेब्रुवारी, सोमवार
आज सकाळी राजेश्री आणि मी पिंगळीला उतरलो. भाड्याचे घर स्टेशनापासून चालत आठ मिनिटांवर आहे: दोन खोल्या, ओसरी, मागे कडुनिंब. मी ते दोनदा पाहून ठरवले होते, तरी तिला आवडेल की नाही अशी धाकधूक होती. ती दारातच चपला भिरकावून गार फरशीवर आडवी झाली आणि म्हणाली, अण्णा, आता मला कोणी उठवायचे नाही.

दुपारी दीडच्या मालिकेत सात वर्षे ती मंदाकिनी नावाची थोरली सून होती. अंगात ताप असताना तिने हळदीकुंकू केले आहे. तिसाव्या वर्षी तिच्या केसांत पांढरी बट चिकटवीत. गेल्या महिन्यात रडण्याच्या प्रसंगी डोळ्यांत पाणी आले नाही, त्याच दिवशी तिने काम सोडले. मीही मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. मला दुसरे कोणी नाही. इतका हलका दिवस मला अलीकडे आठवत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
शेजारच्या बायनाबाई सत्तरीच्या आहेत, शेळ्या राखतात आणि मालिकेचा एकही भाग चुकवत नाहीत. त्यांनी राजेश्रीची हनुवटी धरून विचारले, "काय गं माय, ती सासू खरंच तसली हाय का? पत्ता दी, काठी घिऊन जाते." राजेश्री पोट धरून हसली.

निर्मात्यांच्या कार्यालयातून फोन आला. मंदाकिनीचा अपघाती मृत्यू दाखवायचा असून भिंतीवर लावण्यासाठी एक प्रसन्न छायाचित्र हवे होते. येलदरीच्या धरणावर मीच काढलेले छायाचित्र, सांगितलेल्या मापात, अर्ध्या तासात पाठवले. मला त्याचा अभिमान वाटला, हेही नोंदवतो.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज मंदाकिनी गेली. छायाचित्राला चंदनाचा हार घातला. गल्लीतल्या बायका रडल्या. मीही रडलो. शेजारी बसून राजेश्री माझ्याकडे पाहत होती, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

अडीच वाजता बायनाबाई भाकरी, पिठले आणि वर कडुनिंबाची चार पाने घेऊन आल्या. ज्या घरी मृत्यू होतो तेथे चूल पेटत नाही; शेजारी जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. राजेश्री समोरच बसली आहे, असे मी त्यांना सांगितले.

"दिसायलीय की! मी काय आंधळी हाय? पर मंदाकिनी सात वर्सं रोज माझ्या घरी आली, भाऊ. लेकाला सवड न्हाई, सुनेला न्हाई. ती यायची. तिच्या नावचा घास नको द्यायला?"

राजेश्री गहिवरली. माझ्यासाठी आजवर इतके कोणी केले नाही, असे म्हणून पहिला घास तिनेच उचलला आणि पानासकट खाल्ला. बायनाबाईंचा चेहरा उतरला. तो घास मागे राहिलेल्यांचा असतो. गेलेल्याने तो खायचा नसतो. त्या तशाच निघून गेल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बायनाबाईंनी चहा आणला: एक कप त्यांचा, एक माझा. राजेश्री आमच्या मध्ये बसली होती. मी लक्षात आणून देताच त्या दचकल्या, कपाळावर हात मारून घेतला, तिसरा कप आणायला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

सायंकाळी वाण्याने राजेश्रीला ओ दिली नाही. तिच्यामागून आलेल्याला साखर तोलून दिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
निर्मात्यांच्या कार्यालयाला फोन केला. छायाचित्र काढून टाकण्याची विनंती केली. पुढचे भाग चित्रित झालेले आहेत, असे तिथले गृहस्थ म्हणाले. तेरावा २२ तारखेला दाखवतील. मुलगी माझ्याजवळच आहे, असे मी स्पष्ट सांगितले. त्या गृहस्थांनी अदबीने माझे सांत्वन केले.

१६ फेब्रुवारी, रविवार
रविवारी मालिका नसते. आज ती स्पष्ट दिसली. उन्हात बसून तिने केस विंचरले. आम्ही दोघे पोटभर जेवलो. तिने विचारले, अण्णा, माझे तुम्हांला काय काय आठवते? मी तिच्या लग्नातल्या हिरव्या शालूबद्दल सांगू लागलो. माझे पूर्ण होईपर्यंत ती थांबली. मग हळूच म्हणाली, ते मंदाकिनीचे लग्न, अण्णा. माझे झालेलेच नाही.

सात वर्षे मी रोज दीड वाजता मुलीला पाहत आहे, असे समजत होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
टीव्ही बंद ठेवला. तरी दीड वाजता तोच आवाज घराघरांतून आला. गल्ली बंद करता येत नाही.

आज मी एकट्यापुरता स्वयंपाक केला. जेवून हात धुतल्यावर पाहिले, ती समोर बसली होती.

एक गोष्ट ध्यानात आली. जे या वहीत लिहिले तेवढेच माझ्याजवळ टिकते, बाकीचे जाते. म्हणून लिहितो. राजेश्री. उजव्या भुवईवर व्रण. डावखुरी. कारले आवडते. हसताना तोंडावर हात धरते — की ती मंदाकिनी —

२० फेब्रुवारी, गुरुवार
ओठ हलतात. ऐकू येत नाही. मी मोठ्याने बोला म्हणालो — मुलीला अहोजाहो केले — तिने तोंड फिरवले.

डोळ्यांत पाणी होते. खरे होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार
दीड वाजला. डाव्या हातात तिचा हात, उजव्यात पेन. घराघरांतून मंत्र —

दारात बायनाबाई. पदराने डोळे पुसतात. "भाऊ, एकटेच बसून कुणाशी बोलायलात?"

सांगतो आहे, ही माझी मुलगी. ही बसली आहे. हिचे नाव —

नाव मागच्या पानांवर आहे. पान उलटायला एक हात मोकळा हवा. पेन ठेवले तर — हात सोडला तर —

बोटे अजून उबदार आहेत. ती स्वतःच बोटे सोडवू पाहते आहे. अण्णा, बघा, असे म्हणते आहे बहुधा, उलटून बघा — नाही बाळ, हात नको, थांब, मला आठवेल, र—